भाडोत्रीचे बेचाळीस सेकंद

मौनाच्या रक्षणासाठी मराठी माणसानं दिलेला एकमेव लढा मी प्रत्यक्ष पाहिला आहे. इतिहासानं त्याची दखल घेतली नाही, म्हणून मी घेतो. हा लढा कोल्हापुरात, एका मिरची कांडपाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावरच्या जुन्या न्हाणीघरात झाला. त्यात जायबंदी झालेला इसम एकच, तो मी. चाकांची खुर्ची माझ्या पायाच्या अंगठ्यावरून गेली.

“बाई, खालनं कागद आलाय,” स्टुडिओवाले तारदाळे म्हणाले.

काचेपलीकडं हुल्याळकर बाई कोमट पाण्याचा पेला घेऊन माईकसमोर उभ्या होत्या. “कसला कागद?”

“अण्णासाहेबांनी दिलाय. आजच्या भागात दोन वाक्यं घालायचीत.”

“कुणाच्या तोंडात?”

“तुमच्याच की.”

“माझ्या म्हंजे भाडोत्रीच्या?”

“भाडोत्रीच्याच.”

“भाडोत्री आज गप हाय,” बाई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

सोळा-सतरा वर्षं झाली याला. मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. म्हणजे मुलं आली तर शिकवत होतो. उरलेल्या वेळात सर्जेराव तारदाळ्यांच्या स्टुडिओत जपानी कार्टूनचे मराठी संवाद लिहायचो. कार्टून म्हटलेलं मला खपायचं नाही, मी ‘ॲनिमे’ म्हणायचो. खालच्या कांडपावरच्या बायका ‘वरची चित्रं’ म्हणायच्या.

एका चॅनेलनं ती मालिका कुठून तरी घाऊक उचलली होती. भाग सव्वीस. नायक गावोगाव भटकणारा भाडोत्री लढवय्या. जो बोलावील त्याच्या बाजूनं लढायचं आणि पुढच्या गावाला लागायचं. पैसे घेत नसे. बोलावणाऱ्याकडची एखादी भलतीच चीज मागून घ्यायचा, कुणाची सवय, कुणाची भीती, कुणाची आठवण. आणि जे घेतलं तीच त्या भागापुरती त्याची शक्ती. एका सुताराकडून त्यानं शिंक घेतली आणि तिनं किल्ल्याचा दरवाजा पाडला. एका विधवेनं आपली झोप दिली, ती त्यानं समोरच्या अख्ख्या सैन्यावर पांघरली आणि पाय न वाजवता मधून निघून गेला. एका धोब्यानं कुत्र्यांची भीती दिली. त्या भागात तो पळून गेला, आणि मला तोच भाग सर्वांत खरा वाटला. घेतलेलं तो परत करत नसे. सुतार पुढं जन्मभर शिंकला नाही.

चॅनेलनं मालिकेचं नाव ‘भाडोत्री’ ठेवलं. पोरं ते नाव आखडून काय हाक मारतील याचा विचार कुणी केला नव्हता. पोरांनी केला.

या धंद्यातली खरी मेहनत ओठांची. पडद्यावरचे ओठ जिथं मिटतात तिथं प, ब, म यांतलं अक्षर यायला हवं, नाहीतर बोलणं तोंडाला बसत नाही. म्हणून आमच्या मालिकेतला प्रत्येक गावपाटील संकट आलं की “बाप रे बाप” म्हणायचा. दुसरं काही बसायचंच नाही. भाडोत्रीचं मात्र तसं नव्हतं. त्याच्या नाकापासून हनुवटीपर्यंत काळं फडकं. ओठच दिसत नाहीत म्हटल्यावर त्याच्या तोंडात काहीही घालता येत होतं, आणि आम्ही घातलं.

सुरुवात तारदाळ्यांनी केली. पहिल्याच भागात तो माळावरून बारा सेकंद नुसता चालतो. तारदाळे खुर्चीत चुळबुळले. “सर, इथं कायतरी टाका. गप बसायला माणसाला टीव्ही लागत न्हाई, ते घरात फुकट मिळतंय.” मी टाकलं, ‘चालत्याचं नशीब चालतं.’ तारदाळ्यांनी मांडीवर थाप मारली. मग मला चटक लागली. जपानीत जो माणूस भागाला दहा वाक्यं बोलायचा, तो मराठीत म्हणींचं दुकान झाला. एकदा तर तलवार उपसता उपसता त्यानं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या पेपराचं एक उत्तर जवळजवळ पूर्ण म्हटलं. मला त्याचा अभिमान होता.

आणि हे सगळं पंचवीस भाग बिनतक्रार बोलल्या त्या सुगंधा हुल्याळकर बाई. पन्नाशीच्या, उंच, मंगळसूत्राच्या जागी नुसती सोन्याची साखळी. नवऱ्यामागं त्यांनी लाऊडस्पीकरचा धंदा चालवला होता. जत्रा, उरूस, प्रदर्शनं. माईक त्यांचा, कर्णे त्यांचे आणि बोलणाऱ्याही त्याच. आमच्याकडं त्या खरं तर तारदाळ्यांनी नेलेला माईक परत मागायला आल्या होत्या. त्या दिवशी भाडोत्रीच्या आवाजासाठी तीन नाटकवाले येऊन गेले होते आणि तिघंही गर्जना करून गेले होते. तारदाळ्यांनी गंमत म्हणून कागद बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो टिपरीचा खेळ किती वाजता सुरू होणार हे सांगावं तसा वाचला. जाड, सपाट, कशाचंच नवल न वाटणारा आवाज.

“जरा चढ्या सुरात?” मी म्हणालो.

“त्याच्या कमरेला तलवार हाय न्हवं?” बाई म्हणाल्या. “मग वरडायचं कशाला?”

भाडोत्री सापडला होता.

तर शेवटचा भाग. सव्विसावा. घाटाखालच्या एका गावचा पाटील भाडोत्रीला बोलावतो. वर झऱ्याजवळ एक म्हातारी झोपडं घालून बसली आहे, तिला हुसकायचं. मोल म्हणून भाडोत्री त्याच्याकडून एक आठवण मागतो, लहानपणी आई त्याला जेवायला कशी हाक मारायची ती. पाटील खुशीत देऊन टाकतो. त्याला वाटतं, स्वस्तात सुटलो. भाडोत्री वर जातो. म्हातारी त्याच्याकडं बघते आणि विचारते, “माझ्या पोरानं पाठवलं का रे तुला?” आता त्या पोराला ती कशी हाक मारायची हे जगात दोघांनाच ठाऊक आहे, तिला आणि याला. तो उत्तर देत नाही. वारा येतो, फडकं हलतं, झरा वाहतो. बेचाळीस सेकंद. मग तो खाली येतो, पाटलाला म्हणतो, “नाही,” आणि आयुष्यात पहिल्यांदा घेतलेलं परत करतो. पाटील जागच्या जागी ऐकल्यासारखा थांबतो आणि अनवाणी घाटाकडं पळत सुटतो. भाडोत्री रिकाम्या हातांनी उलट्या दिशेला निघून जातो. संपलं.

या बेचाळीस सेकंदांवर अण्णासाहेब मगदुमांचा डोळा होता.

अण्णासाहेब म्हणजे इमारतीचे मालक, खालच्या कांडपाचे मालक, ‘रणधुमाळी कांदा-लसूण चटणी’चे मालक आणि मालिकेचे प्रायोजक. चौघांनाही एकाच वेळी खूश ठेवायचं तर अवघड, पण चौघं एकाच धोतरात असल्यामुळं निदान एकदाच नमस्कार करावा लागायचा. एप्रिल-मे हा चटणीचा हंगाम. सकाळपासून बायका संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्यांच्या पिशव्या घेऊन रांगेत, आणि डंकाचे, म्हणजे कांडपयंत्राचे, दांडे धाडधाड आपटत असायचे. अकरा ते दोन डंक बंद ठेवायचा आणि तेवढ्यात आम्ही रेकॉर्डिंग उरकायचं, असा तोंडी करार होता. त्या दिवशी टेप पाचच्या गाडीनं पार्सल करायची होती. पार्सल चुकलं की भाग चुकला.

अण्णासाहेबांचा कागद असा होता: ‘म्हातारे, घाबरू नको. मी तुला मारायला आलो नाही. रणधुमाळी कांदा-लसूण चटणीची चव सांगायला आलो आहे. एकदा खाशील तर गाव सोडशील.’

“शेवटचं वाक्य उलटं पडतंय,” मी तारदाळ्यांना म्हणालो.

“सर, तुम्ही जरा बसवा की ते. कलेनं.”

मी कलेनं बसवलं. दहा मिनिटांत. ‘आई… तुझ्या हातची ती गरम भाकरी… आणि भाकरीवरची ती रणधुमाळी… अजून जिभेवर आहे गं…’ ‘आई’नंतर मी एक उसासा योजला होता. आणि चटणी थेट न म्हणता नुसतं ‘रणधुमाळी’ म्हटलं होतं, म्हणजे रसिकाला शोधायला काही राहील.

बाईंनी दार अर्धं उघडून कागद घेतला. वाचला. घडी केली.

“सर, तुम्ही शिकलेली माणसं. ह्ये लिवताना काय वाटलं न्हाई?”

“वाटलं.”

“काय?”

“चांगलं झालंय असं.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. आमच्या खालच्या मांजराकडं त्या असंच बघायच्या. “ह्ये मी बोलणार न्हाई,” त्या म्हणाल्या.

“बाई, आजवर बोललात की सगळं,” तारदाळे म्हणाले. “ते पेपराचं उत्तर बोललात. तेराव्या भागात हवामान सांगितलंत.”

“बोलले.”

“मग ह्या दोन ओळींनं काय पाप लागतंय?”

“तिथं तो चालत होता, घोडा धूत होता, तलवारीला धार लावत होता. त्याला कुणी इचारलं नव्हतं काय. हितं त्या म्हातारीनं इचारलंय.”

जिन्यावर चपला वाजल्या. अण्णासाहेब पान चघळत आत आले आणि तारदाळ्यांची चाकांची खुर्ची ओढून बसले. गोरा, गुबगुबीत, आवाजात साखर.

“झालं का बोलून? काय वो सर?”

“बाईंचं जरा…” तारदाळे म्हणाले.

“काय झालं अक्का? घसा बसला?”

“घसा बरा हाय. बोलणार न्हाई.”

अण्णासाहेब हसले. “असं नका वो करू. मी काय अख्खी गोष्ट बदला म्हणतोय? त्याचं तोंड झाकलेलं हाय, रिकामं पडलंय. रिकामं रान पडीक ठेवू नये म्हणत्यात. ह्या सरांनी त्यात एवढं पीक काढलं, कुणी काय म्हणालं? माझी चटणी तेवढी तण व्हय?”

पंचवीस भाग मीच ते रान नांगरत आलो होतो. मी चष्मा पुसला.

“आणि दुसरं,” अण्णासाहेबांच्या आवाजातली साखर जरा कमी झाली, “हे बंद पडलं तर ह्यापुढं कुठलं काम हाय तुम्हाला? कर्णे कोण लावतंय आता? सगळीकडं डीजे.”

“ते खरं हाय,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“मग काय. खरं हाय म्हणून तुमची चटणी बोलायची असं कुठं हाय?”

आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

इथं इमारतीविषयी सांगायला हवं. रेकॉर्डिंगची खोली मुळात न्हाणीघर. भिंतींना तारदाळ्यांनी जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, दाराला आतून गोणपाट आणि त्यावर गादी. पण दार न्हाणीघराचंच होतं आणि न्हाणीघराच्या दाराला कडी आतून असते. पंचवीस भागांत ती कुणी लावली नव्हती. चांगला माईक आत होता. बाई आत होत्या. बाहेर आम्ही तिघं, काच, आणि आतलं बोलणं ऐकायला एक कर्णा.

“बाई, कडी काढा,” तारदाळे.

“बेचाळीस सेकंद गप ठेवणार असाल तर काढते.”

अण्णासाहेब उठले. उठताना त्यांनी खुर्ची रागानं मागं लोटली, ती माझ्या अंगठ्यावरून गेली. मी ओरडलो. कुणी लक्ष दिलं नाही. ते खिडकीतून खाली वाकले. “तायाप्पा! डंक चालू कर!”

“अण्णा, अजून दोन न्हाईत वाजले!” खालून.

“चालू कर म्हणतोय न्हवं! आणि संकेश्वरी घाल. तिखट!”

डंक सुरू झाला. जमीन हादरू लागली. रेकॉर्डिंग संपलं म्हणायचं. अण्णासाहेबांचा हिशोब सरळ होता. आवाजानं बाई कंटाळतील, ठसक्यानं बाहेर येतील, पाय धरतील. त्यांनी एकच गोष्ट विचारात घेतली नव्हती. गाद्या.

पंधरा मिनिटांत वरच्या मजल्यावर लाल धुकं उतरलं. तारदाळे आधी शिंकले, मग खोकले, मग दोन्ही एकदम करायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अंगठ्याचं कारण केव्हाच मागं पडलं होतं. अण्णासाहेब धोतराचा सोगा नाकाला लावून बसले होते. इतकी वर्षं चटणी विकली, पण डंक चालू असताना वर ते कधी थांबले नव्हते.

काचेपलीकडं बाईंनी डबा उघडला. भाकरी, भरलं वांगं, कांदा. गाद्यांमधून धूळही आत जात नव्हती. त्या सावकाश जेवल्या. मधेच एकदा काचेतून आमच्याकडं बघून त्यांनी हातानं खूण केली, जेवलात का?

एक वाजता तारदाळे हात जोडून म्हणाले, “अण्णा, मरतोय वो.” अण्णासाहेबांना बोलता येत नव्हतं, त्यांनी खिडकीतून हात हलवला. खालच्या बायकांनी तो टाटा समजून हलवून दाखवला. शेवटी मी लंगडत जिना उतरून तायाप्पाला बंद कर, आणि वरून सांगेपर्यंत चालू करू नको, असं सांगून आलो.

डंक थांबला. शांतता झाली तेव्हा कर्ण्यातून बाईंचा आवाज आला. सपाट, नेहमीसारखा.

“अण्णासाहेब, तुमची चटणी मी आधी वाचलीया.”

अण्णासाहेबांनी भुवया उचलल्या.

“तुम्ही नवीन होता तवा. नदीकाठच्या जत्रेत. तुमच्या हातचाच कागद होता, निळ्या शाईचा. दर अर्ध्या तासाला वाचायचा आणि मधी तोडायचा न्हाई, असं तुम्ही आमच्या मालकांना सांगून गेला होता.”

“असंल,” अण्णासाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. “जत्रा लई केल्या.”

“मी वाचायला सुरुवात केली आणि एक बाई आली. पोरगी हरवलीया म्हणाली. नाव सांगितलं, फ्रॉकचा रंग सांगितला. मी हातानं थांब म्हणलं. ती थांबली. माईकच्या हितं, टेबलाला धरून. एक शब्द न्हाई बोलली. माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली, हिचं कवा संपतंय म्हणून. आणि मी तिच्या तोंडाकडं बघत तुमची चटणी वाचली. सगळी. ‘घरच्या चवीची आठवण’ आणि दुकानाचा पत्ता धरून.”

“आणि पोरगी?” तारदाळ्यांनी विचारलं.

“घावली की. पाळण्याखाली बसून गारीगार खात होती.”

“मग झालं की!” अण्णासाहेब म्हणाले. त्यांना खरंच हायसं वाटलं होतं. “काय बिघडलं मग?”

“काय न्हाई बिघडलं. म्हणून तर कुणाला सांगितलं न्हाई. सांगायसारखं काय हाय त्यात?” बाईंनी डब्याचं झाकण लावलं. “पण परत कुणी असं उत्तराला उभं असलं, तर त्येच्या तोंडावर मी चटणी वाचणार न्हाई. मग ते चित्रातलं असू दे न्हाईतर जपानचं.”

अण्णासाहेब बराच वेळ काचेकडं बघत होते. मला वाटलं, माणूस विरघळला. तसं काही नव्हतं, ते खोकला आवरत होते.

“तारदाळे,” ते म्हणाले, “दुसरा माईक काढा. बाहेर लावा. तुम्ही बोला. फडक्याआड कोण बोललं कुणाला कळतंय?”

तारदाळ्यांनी कपाटातला जुना माईक काढला, टेबलावर लावला, माझा कागद समोर धरला आणि म्हणाले, “आई…” उसासा मी योजला होता तिथं ठसका आला. तो सहा मिनिटं चालला. दुसऱ्यांदा ‘आ’वरच आला. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं तोंड उघडलं आणि हात जोडून बाजूला झाले.

“सरका.” अण्णासाहेब स्वतः बसले. “म्हाता…” एवढंच. त्यांच्या नरड्यातून शिटी निघाली. त्यांच्या स्वतःच्या मिरचीनं त्यांचा पार बाजार उठवला होता. वरच्या मजल्यावर धड आवाज असलेलं माणूस एकच होतं आणि ते कडी लावून बडीशेप खात होतं.

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं.

“सर,” अण्णासाहेब शिटीत म्हणाले, “तुमचंच लिवलेलं हाय.”

मी माईकसमोर बसलो. कागद चांगला होता. आजही म्हणतो, चांगला होता. काचेतून बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी हात केला नाही, मान हलवली नाही. नुसत्या बघत होत्या, हा काय करतो म्हणून. मी कागदावरची ‘आई’ बघितली, तिच्या पुढची ती टिंबं बघितली, उसाशाची. मला एकाएकी त्या टिंबांची लाज वाटली. शब्दांची वाटली नाही, फक्त टिंबांची.

“घसा बसलाय,” मी म्हणालो.

“बोलताय की!”

“एवढाच राहिलाय.” मी आवाज आणखी खाली ओढला. “गेला बघा. गेला.”

माझा घसा तितका बसला नव्हता. आयुष्यात मी केलेला हा एकमेव अभिनय, आणि तो रेकॉर्ड झालेला नाही.

अण्णासाहेबांनी घड्याळ बघितलं. तीन वाजून गेले होते. टेप गेली नाही तर भागच नाही, आणि भाग नाही तर त्याच्या मधल्या सुट्टीतली त्यांची खरी जाहिरातही नाही. हे गणित त्यांना आमच्यापेक्षा लवकर सुटलं. ते उठले, धोतर झटकलं. त्यातून लाल धूळ उडाली.

“करा काय करायचं ते,” ते म्हणाले. “आणि तारदाळे, पुढच्या महिन्यापास्नं दुसरी जागा बघा.”

“अण्णा…”

“आणि अक्का, तुमचा आवाज माझ्या कुठल्या कामात मला ऐकू येता कामा नये.”

“बरं,” कर्णा म्हणाला.

चपला जिना उतरून गेल्या. कडी निघाली. बाईंनी दार उघडून बाहेर तोंड काढलं, वास घेतला आणि परत आत गेल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “म्हातारीचं इचारून झालंय. चालू करा.”

“ते बेचाळीस सेकंद मी मोकळी टेप जोडतो की,” तारदाळे म्हणाले. “तुम्ही फक्त ‘नाही’ बोला.”

“मोकळी टेप म्हंजे कोणच न्हाई. त्यो हाय न्हवं तिथं? मी उभी ऱ्हाते. भरा.”

तारदाळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर म्हातारीनं विचारलं, “माझ्या पोरानं पाठवलं का रे तुला?” आणि बाई माईकसमोर उभ्या राहिल्या. हात खाली सोडलेले, मान किंचित पुढं. ओठ मिटलेले. आवाजाच्या मीटरची सुई शून्याच्या जरा वर थरथरत होती, म्हणजे श्वास येत होता. मी गेली कितीतरी वर्षं लोकांना बोलताना बघितलं आहे, वर्गात, सभेत, घरी. असं कुणी गप्प राहिलेलं बघितलं नाही. विसाव्या सेकंदाला तारदाळ्यांना खोकला आला. त्यांनी तो तोंडात रुमाल कोंबून गिळला. त्यांचा चेहरा जांभळा झाला, पण गिळला. चाळिसाव्या सेकंदाला बाईंनी डोळे मिटले.

मग पाटील आला. “झालं का काम?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

एका झटक्यात. चढा सूर नाही, उसासा नाही. गाडी आज येणार नाही असं सांगावं तसं.

टेप पाचच्या गाडीला मिळाली. महिन्याभरात तारदाळ्यांनी सामान गाड्यावर घातलं. मला कॉलेजात आणखी तासिका मिळाल्या आणि बाई पुन्हा जत्रांना जाऊ लागल्या. जिथं डीजे परवडत नव्हता तिथं कर्णे अजून लागत होते.

रेकॉर्डिंगनंतर साधारण तीन आठवड्यांनी मी बाईंच्या घरी गेलो, चॅनेलकडून आलेलं पत्र दाखवायला. बाई अंगणात कर्ण्याला पत्र्याचं ठिगळ लावत होत्या. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी हातोडी थांबवली नाही.

“वाईट वाटलं नाही?” मी विचारलं.

“कशाचं?”

“एवढं सगळं केलं. कडी लावली, जागा गेली, काम गेलं. आणि कुणी ऐकलंच नाही.”

“सर, मी काय लोकांनी ऐकावं म्हणून गप बसले व्हय?” त्या म्हणाल्या. “जरा ह्यो कर्णा धरा. तिकडनं. घट्ट.”

मी धरला.

पत्रात असं होतं की प्रेक्षकांच्या अल्प प्रतिसादामुळं मालिका बाविसाव्या भागानंतर बंद करण्यात आली आहे. पत्रावरची तारीख आमच्या रेकॉर्डिंगच्या आठ दिवस आधीची होती. टेप न उघडताच परत आली, आणि तिच्यावर तारदाळ्यांनी मुरगूडच्या एका ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम भरला.